सहायकाची सही

सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीवर दोन माणसं लागतात, हे सरकारला कळायला बरीच वर्षं लागली. रामकिसन मगरेला ते आधीच ठाऊक होतं. एकानं पंपापाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं पाइपापाशी, आणि पाइपापाशचा वासानं घेरी येऊन पडला तर पंपापाशच्यानं त्याला ओढून बाजूला काढायचं. त्याचा थोरला भाऊ साहेबराव पाचोडला एका टाकीत उतरला, तेव्हा वर कोणीच नव्हतं. तो परत वर आला तो दोरानं बांधून काढलेला. त्यानंतर रामकिसन कधी टाकीत उतरला नाही. कुणी जास्तीच्या पैशांचं आमिष दाखवलं, तर तो त्या माणसाकडे असा बघायचा की विषय तिथंच संपायचा.

मग नियम आले. राज्याकडून निघाले, शहराच्या परवाना ऑफिसात उतरले आणि तिथून चौकोन आखलेल्या चिठ्ठ्यांची पुस्तकं होऊन रामकिसनच्या गाडीत येऊन पडले. गाडीला परवाना हवा, परवान्याला जीपीएस हवा, हातमोजे आणि गमबूट हवेत, मैला नाल्यात सोडायचा नाही, मैलाशुद्धीकरणाच्या प्लांटवरच नेऊन ओतायचा. शिवाय दर खेपेला एक चिठ्ठी. पांढरी प्रत घरमालकाला, पिवळी प्लांटला, गुलाबी गाडीत. तिच्यावर चार सह्या: चालकाची, सहायकाची, घरमालकाची आणि प्लांटवाल्याची. घरमालकाच्या सहीच्या वर बारीक अक्षरात छापलेलं असे, ‘काम सुरू असताना चालक व सहायक दोघेही हजर होते.’ माझ्या लग्नालाही एवढ्या सह्या लागल्या नव्हत्या, असं रामकिसन प्लांटवर सगळ्यांना सांगायचा. मनातून मात्र त्याला हा नियम पटला होता. साहेबरावच्या वेळी हा कागद असता तर, असं तो एकदाच बोलला होता आणि तेही फक्त केसरबाईजवळ.

केसरबाई त्याची बायको. नियम यायच्या आधीपासून ती गाडीवर जायची, कारण ठेवलेले गडी टिकत नसत. कुणाचं लग्न ठरायचं आणि सासरकडच्यांना काय सांगू म्हणून तो जायचा, कुणाला कंपनीत काम मिळायचं. चौथा गडी गेला त्या सकाळी केसरबाईनं पदर खोचला आणि पुढच्या सीटवर चढून बसली. एकट्यानं जायचं नाय, एवढंच म्हणाली. परवान्याच्या वेळी ऑफिसातल्या माणसानं बाईमाणसाचं नाव सहायक म्हणून लिहायला जरा कांकू केली. बाई नको असं नियमात कुठं लिहिलंय, असं तिनं विचारलं. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, त्यात आपण पहिल्या आलो असं ती नंतर गल्लीभर सांगत होती. त्यात नंबर काढलेच नव्हते, पण ते सांगून तिचा आनंद कोण घालवणार? ओळखपत्रावरच्या फोटोत ती हसू दाबून बसलेली दिसते.

सही मात्र तिला येत नव्हती. ती रामकिसननं शिकवली, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, महिनाभर. ती आधी सगळी अक्षरं सुटी सुटी काढायची आणि मग वरून एकच लांब रेघ ओढायची, कपडे वाळत घालून झाल्यावर दोरी ताणावी तशी.

आणि ती पाणी मागायची. प्रत्येक दारात मागायची, तहान असो वा नसो. पाणी मागितल्याबिगर घर कळत नाय, असं तिचं म्हणणं. कुणी घरातला तांब्या भरून आणायचं, कुणी कुंपणावर प्लॅस्टिकची बाटली ठेवून ती परत आणू नका म्हणायचं, कुणी नुसतं बागेतल्या नळाकडे बोट दाखवायचं. ही सगळी घरं तिच्या ध्यानात असत. प्लांटच्या रस्त्यावर ती एकेकीची नक्कल करून दाखवायची, आणि बाटलीवालीची नक्कल तर इतकी हुबेहूब करायची की रामकिसनला गाडी बाजूला घ्यावी लागायची. तो रस्ता अर्ध्या तासाचा होता, पण तिच्यासोबत तो कधीच अर्ध्या तासाचा वाटला नाही.

अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी भाकरी थापता थापता तिचं तोंड वाकडं झालं, आणि तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच वारली. पुण्याहून मुलगा आला, अभय. जलदान विधी झाला, बुद्ध विहारातली माणसं येऊन बसून गेली, आणि आठव्या दिवशी अभयही गेला, कारण त्याची रजा तेवढीच होती. दहाव्या दिवशी एका वसतिगृहाची टाकी वर आली म्हणून फोन आला. दुसरा काही विचार न करता रामकिसननं गाडी काढली. पंपापाशी जा, पाइपापाशी धाव, परत पंपापाशी, असं करून त्यानं एकट्यानं काम उरकलं आणि चिठ्ठी भरायला घेतली. चालकाचं नाव लिहिलं, आणि खालच्या चौकोनात हातानं आपोआप लिहिलं: केसरबाई रामकिसन मगरे. मग त्यानं तिची सहीही केली. अक्षरं आधी, रेघ नंतर. सही इतकी तिच्यासारखी उतरली की तो ती चिठ्ठी बराच वेळ मांडीवर घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, आणि तिसऱ्या दिवशीही. हे चूक आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. सहायक मिळेपर्यंत, असं तो स्वतःला बजावायचा, आणि सहायक शोधायचं दर सोमवारी पुढच्या सोमवारवर ढकलायचा. खरं सांगायचं तर दिवसभरात तेवढ्या एका चौकोनापुरती ती त्याच्याजवळ यायची, आणि ते सोडायला तो तयार नव्हता. गल्लीला ती गेल्याचं माहीत होतं, नातेवाइकांना माहीत होतं. चिठ्ठ्यांच्या पुस्तकाला तेवढं माहीत नव्हतं, आणि ते सांगायची त्याला घाई नव्हती.

नोटीस आली ती परवान्याची मुदत संपायला पंधरा दिवस असताना. ‘आपल्या वाहनावर एकच कर्मचारी काम करीत असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. गेल्या वर्षभराच्या सर्व गुलाबी प्रती घेऊन आठ दिवसांत खुलाशासाठी हजर राहावे.’ रामकिसननं ती तीनदा वाचली. परवाना गेला की गाडी उभी राहणार होती, आणि गाडी उभी राहिली की तो सकाळी उठून कुठं जाणार होता? घरात दोन खोल्या होत्या आणि दोन्हीत ती नव्हती. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

तक्रार कुणी केली हे त्याच्या मते उघड होतं. गोकुळनं. गोकुळ शेतकऱ्याच्या घरचा, रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या पैशातून त्यानं दोन नव्या गाड्या घेतल्या होत्या आणि त्याला तिसरीसाठी गिऱ्हाइकं हवी होती. दुसऱ्या दिवशी प्लांटच्या रांगेत गोकुळ नेहमीसारखा खिडकीतून वाकला, कसं काय दादा म्हणाला, वहिनीला नमस्कार सांगा म्हणाला. टोमणा मारतोय, असं रामकिसनला वाटलं. त्यानं काच वर करून घेतली आणि पुढे अर्धा तास गोकुळच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या.

संध्याकाळी तो पुतण्याकडे गेला. बुद्धभूषण वाळूजला कंपनीत होता, शिफ्टची नोकरी. काका, रविवारी कधीमधी येईन, पण कागदावर नाव नको, असं त्यानं फार गोड आवाजात सांगितलं आणि चहा दिला. तिथून परतताना रामकिसनच्या डोक्यात एक वेडा विचार आला. शेजारची रत्नमाला साधारण केसरबाईच्याच अंगाची होती, आणि ओळखपत्रावरचा फोटो तसा धुरकट होता. तिला डोक्यावर पदर घेऊन नुसतं ऑफिसात बसवलं तर? त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की रत्नमालाच्या दारावरून जाताना त्यानं मान खाली घातली. ती बिचारी पापड वाळत घालत होती.

मग त्यानं अभयला फोन लावला. नोटिशीचं सांगितलं, सह्यांचं नाही सांगितलं. अभय म्हणाला, बाबा, बरंच झालं, सोडा आता ते. इकडं या. रामकिसननं विचारलं, येऊ का मग या रविवारी? पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अभयनं सांगितलं की या रविवारी नको, सासरची माणसं येणार आहेत, पुढच्या महिन्यात बघू. सासरच्यांना अभयनं वडील ट्रान्सपोर्टमध्ये आहेत असं सांगून ठेवलेलं होतं. ते खोटंही नव्हतं. रामकिसन बरं म्हणाला, जेवलास का विचारलं, आणि फोन ठेवला. पोरावर त्याला राग आला नाही. राग आला असता तर निदान काहीतरी सोबतीला राहिलं असतं.

ऑफिसात जायच्या आदल्या दिवशी देवळाईतल्या एका बंगल्याचं काम होतं. पोर्चमधून नको, मागून या, असं मालकानं फोनवरच सांगितलं होतं. तसं सांगायची गरज नसते. गेल्या तीस वर्षांत रामकिसननं या शहरातली घरं मागूनच पाहिली होती. त्याला विचाराल तर कुठल्या घराचं चेंबर कुठं आहे, झाकण कुठल्या बाजूनं उचलतं, मोरीचा पाइप कुठं फुटलाय, हे तो डोळे मिटून सांगेल. पुढच्या दाराचा रंग विचाराल तर त्याला सांगता येणार नाही.

त्यानं झाकण सरकवलं, पाइप सोडला, पंप लावला. पाइपाला हिसका बसला की तिकडे, आवाज बदलला की इकडे. गुडघ्यांत कळ आली तसा तो टाकीच्या काठाशी थांबला, आणि तेव्हा खालून वर आलेल्या वासानं क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यानं भिंत धरली. बंगल्याच्या मागच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. आपण आता पडलो तर कळायला किती वेळ लागेल, याचा त्यानं अगदी शांतपणे अंदाज केला. पंप रिकामा फिरायला लागला की आवाजाचा त्रास होईल, मग कुणीतरी खिडकी उघडेल.

काम झाल्यावर घरातली बाई जाळीच्या दाराशी आली. कानाला फोन होता. तिनं जाळीच्या फटीतून चिठ्ठी ओढून घेतली. ताई, वाचून सही करा, असं रामकिसन त्या दिवशी मुद्दाम म्हणाला. तिनं मान हलवली, फोनवर कुणाला तरी शनिवारचं सांगितलं, आणि बारीक अक्षरांच्या खाली सही करून चिठ्ठी परत ढकलली. पांढरी प्रत गेटला अडकवा म्हणाली. सही मिळाली म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की प्लांटपर्यंत त्यानं रेडिओ लावला नाही.

परवाना ऑफिसातली नवी अधिकारी मेघा नावाची होती. तिशीतली, नियम मनापासून वाचणारी. तिनं त्याला काका म्हटलं आणि खुर्ची दिली, त्यामुळे तो जास्तच घाबरला. त्यानं आणलेला गुलाबी गठ्ठा तिनं उलगडला, मधूनमधून चिठ्ठ्या चाळल्या. केसर गेल्यानंतरच्या तीनशे अकरा होत्या. तीनशे अकरा वेळा अक्षरं आधी, रेघ नंतर.

मेघानं गठ्ठा परत बांधला. काळजी करू नका, असं तिनं सांगितलं. तो यायच्या आधीच तिनं प्लांटकडच्या पिवळ्या प्रतींवरून वीस घरं निवडून स्वतः फोन केले होते, वेगवेगळ्या भागांतली आणि वेगवेगळ्या महिन्यांतली. गाडीवर किती माणसं होती, एवढाच प्रश्न. वीसच्या वीस जणांनी दोन सांगितली होती. एक जण तर म्हणाला होता, बाई होती ना पाइपापाशी, मी बघितली. आणखी एकीनं सांगितलं होतं की त्या बाईनं पाणी मागितलं, आणि आम्ही दिलंही.

“म्हणजे तक्रारीत तथ्य नाही, काका,” मेघा म्हणाली, आणि तिनं खणातून एक नवं ओळखपत्र काढून त्याच्यापुढं ठेवलं. परवाना तीन वर्षांसाठी वाढवला होता. ओळखपत्रावर केसरबाईचा तोच हसू दाबलेला फोटो होता, आणि खाली तीन वर्षांनंतरची तारीख.

रामकिसननं ते हातात घेतलं. वाचलो, असं त्याला वाटायला हवं होतं, आणि अर्धा क्षण वाटलंही. मग त्याच्या लक्षात आलं की हे वीस जण काही त्याला सांभाळून घेत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. कुणी बाहेर पाहिलंच नव्हतं. केसर असतानाही पाहिलं नसेल, आणि ती गेल्यावरही नाही. वीस दारांमध्ये ती अजून पाइप धरून उभी होती ती एवढ्याच कारणानं. तो सबंध वर्ष लोकांपासून एक गोष्ट लपवत होता, आणि लपवण्याची काही गरजच नव्हती. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण ऑफिसात पंखे चालू होते आणि माणसं ये-जा करत होती.

तक्रार कुणाची होती, असं त्यानं विचारलं. गोकुळची का? मेघानं नाव सांगता येत नाही म्हटलं, पण गोकुळ नव्हे, कुणी गाडीवाला नव्हेच, एवढं सांगितलं. मग तिनं तक्रारीचा कागद पुढं ओढला. ही बंद करण्यासाठी तिला त्याचीच थोडी मदत हवी होती. चिठ्ठीवर छापलेल्या नंबरावर एका आजींनी फोन केला होता. फोन घेणाऱ्यानं ‘एकच कर्मचारी’ हा चौकोन निवडला होता, पण खाली त्यांचं बोलणं मात्र जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. तिनं स्वतः ते आज सकाळी पहिल्यांदा नीट वाचलं होतं. तिनं वाचून दाखवलं.

“‘मैल्याच्या गाडीवर एक बाई असती. या खेपेला दिसली नाही. तिला शेवग्याच्या शेंगा द्यायचं मागल्या साली कबूल केलं होतं. शेंगा काढून ठेवल्या होत्या. माझे गुडघे चालत नाहीत, मी मागच्या दारी जाईपर्यंत गाडी गेली. गडी एकटाच होता. बाई बरी आहे का, तेवढं विचारून मला कळवा.’”

विचारपूस असा चौकोन फॉर्मवर नाही, असं मेघा जरा ओशाळून म्हणाली. म्हणून त्यानं जवळचा निवडला असणार. आणि तक्रारदाराला उत्तर कळवल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. तिनं पेन उघडलं.

“मग काय लिहू काका? बाई बऱ्या आहेत, असंच ना?”

एक व्हय म्हटलं असतं तर काम झालं होतं. परवाना टेबलावर होता. गाडी बाहेर उभी होती. तीन वर्षं कुणी काही विचारणार नव्हतं, तीन वर्षं केसर रोज त्या चौकोनात येऊन बसली असती. रामकिसननं फोटोकडे पाहिलं. अकरा महिन्यांत तिच्याबद्दल एका माणसानं विचारलं होतं, आणि त्या माणसाला खोटं सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

“नाय मॅडम,” तो म्हणाला. “बरी नाय ती.”

“आजारी आहेत का?”

“अकरा महिने झाले तिला जाऊन.”

मेघानं पेन खाली ठेवलं. गठ्ठ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मग या सह्या?”

“तिच्याच हायत. मी केल्यात.”

 मग तिनं विचारलं की का केल्यात, आणि हे तिनं अधिकारी म्हणून विचारलं नाही.

“तिथं लिहायला दुसरं कोणी नव्हतं,” रामकिसन म्हणाला. “आन् चौकोन कोरा ठिवला असता, तर मी एकटा हाय हे मलाच रोज लिहून द्यावं लागलं असतं.”

नियम नियमाच्या जागी होता, आणि मेघानं तो वाकवला नाही. परवाना तीन महिने थांबणार, सुनावणी होणार, नवा सहायक नोंदवल्याशिवाय गाडी हलणार नाही. किल्ली जमा करावी लागेल, असं तिनं सांगितलं. सांगताना ती कागदाकडेच बघत होती. एकट्यानं टाकीपाशी उभं राहू नये म्हणूनच हा नियम आहे काका, असंही म्हणाली. त्यानं मान डोलावली. त्याला साहेबराव आठवला, आणि देवळाईतली ती भिंत. तिनं नव्या ओळखपत्रावर लाल पेनानं रद्दची रेघ ओढली, पण फोटोला न लावता, कडेनं ओढली, आणि ते त्याच्याकडेच राहू दिलं. तक्रारीचं उत्तर मीच सांगून येतो, तो म्हणाला. तिनं हो म्हटलं.

शेवग्याचं घर हर्सूलमधलं, हे त्यानं ऐकताच ओळखलं होतं. तिथं तो सिटी बसनं गेला. कितीतरी वर्षांनी तो गाडीशिवाय कुठं चालला होता, आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. घर सापडेना. मागच्या बोळातून ते त्याला झोपेतही सापडलं असतं. पुढच्या रस्त्यावर मात्र सगळी दारं अनोळखी. शेवटी छपरावरून डोकावणारा शेवगा दिसला आणि त्यावरून त्यानं घर ओळखलं. दाराचा रंग हिरवा होता.

दार त्या आजींनीच, दगडाबाईनं, उघडलं. ऐंशीकडे झुकलेली, हातात काठी. मुलगा-सून नोकरीवर गेलेली असणार, घर शांत होतं. गमबुटाशिवाय तिनं त्याला ओळखलं नाही.

“गाडीवाला हाय, मावशी. मागच्या दारचा.”

ती त्याच्या खांद्यावरून मागं बघू लागली. मागं रिकामा रस्ता होता.

“एकलाच आलास?” ती म्हणाली. “बाई कुठंय?”

त्यानं सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं. भाकरी थापता थापता, आणि तिसऱ्या दिवशी.  ती काठी टेकत आत गेली, त्याला वाटलं दार लावून घेईल, पण ती तांब्या घेऊन परत आली, आणि येताना अर्धं पाणी तिच्याच पदरावर सांडलं होतं. तो तांब्या रामकिसनला ठाऊक होता. केसरनं या घराचं नाव तांब्यावाली ठेवलं होतं. ओट्यावर बस म्हणाली, आणि स्वतःही भिंतीला धरून हळूहळू त्याच्या शेजारी टेकली. शेंगा वाळून गेल्या, असं तिनं सांगितलं. टाकवल्या नाहीत, अजून तशाच आहेत. दर साली पाणी मागायची आणि पाण्यापेक्षा जास्त बोलायची, असंही म्हणाली. 

“तिचं नाव काय व्हतं रं?” तिनं विचारलं. “मी आपली ‘ओ बाई’ म्हणायचे. कधी इचारलंच नाय.”

रामकिसननं तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं की हे नाव त्यानं कधी घेतलंच नव्हतं. चौतीस वर्षं तो तिला अगं म्हणत आला होता, फार तर अभयची आई. लिहिलं होतं, रोज लिहिलं होतं, पण तोंडानं कधीच उच्चारलं नव्हतं, आणि आता उच्चारलं तरी ओ द्यायला ती नव्हती.

“केसर,” तो म्हणाला.

आवाज नीट निघाला नाही म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, आणि मग त्याला थांबता येईना. हिरव्या दारासमोर, भर दुपारी, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तो रडला. दगडाबाई उठली नाही. त्याचं होईपर्यंत ती शेजारी बसून राहिली.